कितवा नंबर आला? : शाळेने अभ्यासात चुरस लावावी का

ओलीशाई

मंडळी, धागा काढायचं कारण एक वही.

माझी लेक सातवीत आहे. तिची मैत्रीण आठवडाभर तापाने घरी होती. परवा संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला, गणिताच्या वहीचे फोटो पाठवशील का म्हणून. लेक म्हणाली, "अगं, वही सापडतच नाहीये." वही तिच्यापुढे टेबलावर उघडी पडली होती, वर पेन ठेवलेलं. मी समोरच बसले होते आणि हे तिला दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी काही बोलले नाही, नुसतं बघितलं. तर म्हणाली, "आई, ती माझ्यापेक्षा दोन मार्कांनी पुढे आहे."

ओरडणार होते, पण कुठल्या तोंडाने ओरडू? तीन महिन्यांपूर्वी पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं होतं, दर घटक चाचणीनंतर क्रमांकांची यादी वर्गात लावायची का. तेव्हा जे हात वर गेले त्यात एक माझा होता. मी स्वतः पहिल्या पाचातली. चुरस असली की मुलं अभ्यासाला लागतात हे डोक्यात इतकं पक्कं की दुसरं काही सुचलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू, यादी लागायला लागल्यापासून लेक न सांगता अभ्यासाला बसते. मार्कही वाढलेत.

तर शाळेने मुलामुलांत अशी चुरस लावावी का? लावली तर कुठवर? येत्या शनिवारी पुन्हा सभा आहे, त्याआधी मला ठरवायचंय. "मुलीवर संस्कार करा" हा सल्ला कृपया नको. तो मी स्वतःलाच रोज देते.

मागचाबाक

रुमाल टाकून ठेवतो. लिहायचंय, पण सवडीने.

धारदार_पेन्सिल

लावावी. सरळ उत्तर.

ओलीशाई, तुम्हीच लिहिलंय की मुलगी न सांगता अभ्यासाला बसते. मग अडचण कसली? वही लपवणं वाईट, मान्य. त्यासाठी मुलीला चार शब्द सुनवा, यादी कशाला फाडायची?

माझं सांगतो. आठवीपर्यंत मी काहीही न करता पहिला यायचो. पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायचो. आठवीत एक नवीन मुलगा आला आणि पहिल्याच चाचणीत मला अकरा मार्कांनी मागे टाकलं. रडलो. मग भूमितीची जी उदाहरणं सरांनी कधी सोडवायलाच सांगितली नव्हती, तारांकित असायची ना, ती सगळी सोडवली. एकेका रचनेवर दोन दोन तास बसलो. त्या मुलाशी माझी कधी दोस्ती झाली नाही, बोलणंसुद्धा बेताचंच. पण मी आज ज्या कामावर पोट भरतो ते मला भूमितीमुळे जमतं, आणि भूमिती त्याच्यामुळे. "सगळेच हुशार आहात बाळांनो" म्हणणाऱ्या वर्गात मी तसाच आळशी राहिलो असतो.

बाहेर जागा मोजक्या आणि माणसं भरपूर. ते मुलाला विसाव्या वर्षी पहिल्यांदा कळावं की बाराव्या?

सुपारीएवढी

पेन्सिलराव +१. आमच्याकडे दोन मुलं, एकाला चुरस लागली की पंख फुटतात, दुसऱ्याला पोटात दुखतं. दोघं एकाच आईची. वाचतेय.

खडूफळा

सव्वीस वर्षं गणित शिकवतोय. पेन्सिलरावांचा अनुभव खरा आहे, असे विद्यार्थी मी पाहिलेत, दरवर्षी दोन-चार असतात. मला बाकीच्यांबद्दल बोलायचंय.

वर्गात ४० मुलं धरा. १ ते ४० क्रमांकांची बेरीज किती? ८२०. मी वर्षभर जीव तोडून शिकवलं, सगळी मुलं शिकली, तरी पुढच्या वर्षी बेरीज ८२०. मी वर्षभर खुर्चीत पेंगलो तरीही ८२०. म्हणजे वर्गात काय शिकलं गेलं याचा या आकड्याशी काडीचा संबंध नाही. एकाने वर जायचं तर दुसऱ्याने खाली यायलाच हवं.

गेल्या वर्षीचा एक मुलगा. पहिल्या चाचणीत ५० पैकी ३१, क्रमांक बारावा. दुसऱ्या चाचणीत ४४. आनंदाने पेपर घेऊन गेला. यादी लागली, क्रमांक पंधरावा. कारण तो धडा वर्गाला एकूणच छान जमला होता. घरी त्याला विचारलं गेलं, "तीन नंबर खाली कसा गेलास?" हे मला त्यानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेरा मार्क वाढवून बोलणी खाल्ली पोराने.

दुसरी गोष्ट पालकांना दिसत नाही, पेपर काढणाऱ्याला दिसते. नंबर लावायचे तर मार्क पसरायला हवेत. सगळ्यांना ४५ च्या वर पडले तर ऑफिसातून विचारणा होते, "पेपर सोपा काढलात का?" सगळ्यांना आलं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मग आम्ही काय करतो? एखादं खोचक उदाहरण घालतो, शब्दांत फसवणारं. ते गणित तपासत नाही, फक्त पहिला आणि चौथा वेगळा करून देतं.

आणि पेपर दाखवायचा दिवस! टेबलापाशी रांग. "सर, हे का चुकलं" असं विचारणारा एखादा. बाकी सगळे अर्ध्या मार्कासाठी. मागच्या महिन्यात एक मुलगी म्हणाली, "सर, मी लिहिलंय तेच तिनेही लिहिलंय, तिला मार्क दिलात." मी म्हटलं, बरं, तुलाही देतो. तर म्हणते, "नको, तिचा कापा."

विषमभुज

खडूफळा सर, दंडवत. पण एक दुरुस्ती. दोघांचा तिसरा क्रमांक आला आणि पुढच्याला पाचवा दिला तर बेरीज ८१९ होते. :)

खडूफळा

बरोबर. माझा अर्धा मार्क कापा.

धारदार_पेन्सिल

सर, बेरजेचा मुद्दा झकास आहे, पण मग उपाय काय? धावण्याच्या शर्यतीतही क्रमांकांची बेरीज ठरलेलीच असते, म्हणून शर्यती बंद करायच्या? गाण्यात, खेळात पहिला नंबर आला की आपण टाळ्या वाजवतो. मैदानावर चुरस चालते, मग अभ्यासातच सगळ्यांना एवढं हळवं का व्हायला होतं? ज्या मुलाला खेळता येत नाही, गाता येत नाही, फक्त गणित येतं, त्याने कुठे जिंकायचं?

विषमभुज

हा शेवटचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, कारण तो मुलगा मी होतो.

मी गणिताच्या ऑलिंपियाडच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत गेलो, वर नाही. पण ती स्पर्धा कशी बांधली आहे ते बघण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालं, तेव्हा सात देश होते. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, एकूण ४२. आणि गंमत पुढे आहे: पदकं जवळजवळ निम्म्या स्पर्धकांना मिळतात. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य यांचं प्रमाण साधारण १:२:३. पदक नसेल पण एखादा प्रश्न पूर्ण सोडवला असेल, सातपैकी सात, तर त्याचीही नोंद होते, सन्माननीय उल्लेख मिळतो. जगातली बहुधा सगळ्यात अवघड शालेय परीक्षा, आणि ती म्हणते की एक प्रश्न नीट सोडवलास तरी पुष्कळ झालं. आपल्या घटक चाचणीचा मात्र तोरा बघा!

मला स्वतःला आठवतं ते पेपर संपल्यानंतरचं. बाहेर पायऱ्यांवर वीस-पंचवीस पोरं, बहुतेक एकमेकांना अनोळखी, आणि सगळे हातवारे करून तिसरा प्रश्न सांगतायत. एकाने काडीने मातीत वर्तुळ काढलं. मी दोन तास ज्या स्पर्शिकेत अडकलो होतो ती त्याने एका जादा रेषेत सोडवली. मला हेवा वाटला, पण त्याहून जास्त ती रेषा आवडली. तिथे कुणी काही लपवत नव्हतं. स्पर्धा होती, पण समोर प्रश्न होता, शेजारचा नव्हता. आणि ती संपली होती. वर्गातला नंबर कधी संपत नाही, सोमवारी पुन्हा त्याच बाकावर त्याच मुलीशेजारी बसायचं असतं.

म्हणून पेन्सिलराव, शर्यत असावी. पण शर्यतीत आपण नाव देऊन उतरतो. वर्गाच्या यादीत नाव आपोआप येतं.

मागचाबाक

आता लिहितो.

वर बोललेले बहुतेक पहिल्या दहातले दिसतात. पेन्सिलराव पहिले, ओलीशाई पहिल्या पाचात, विषमभुज ऑलिंपियाडवाले. मी अडतिसावा. कधी एकोणचाळिसावा. एकदा छत्तिसावा आलो तेव्हा दोघं गैरहजर होते.

यादी मागच्या भिंतीवर लागायची, खिळ्याला अडकवलेली. पुढची मुलं ती वरून वाचतात, आम्ही खालून वाचायचो. वेळ वाचतो. तर्जनी तळाला ठेवायची, एक, दोन, सापडलं नाव, निघालो. तुमच्याइतका वेळ आम्ही तिथे कधी उभे राहिलो नाही.

लोकांना वाटतं शेवटच्याला रडू येत असेल. पहिल्या दोन वर्षांत येतं. नंतर जे होतं ते जास्त वाईट: बरं वाटायला लागतं. अडतिसाव्याकडून कुणाची अपेक्षा नसते. महिनाभर घासून मी पस्तिसावा झालो असतो, कुणाला कळलंही नसतं. न घासता अडतिसावा, तरी मित्रांत मान. म्हणून मी ठरवलं (हो, ठरवलं, नुसतं झालं नाही) की ही आपली शर्यत नाही. जो धावतच नाही तो हरत नाही. वर्गाला हसवणं हे माझं खातं झालं आणि त्यात मी पहिला होतो.

पुढे कामाला लागल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला मोटारीचं वाइंडिंग शिकवलं. ते नंबर देत नव्हते. मोटार फिरली की म्हणायचे "हां", नाही फिरली की म्हणायचे "उघड". तेव्हा कळलं की मला शिकता येतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

पेन्सिलरावांच्या आयुष्यात एक मुलगा आला आणि ते पेटले. आमच्या यादीतले वरचे सात-आठ तसे पेटले असतील. खालच्या वीस जणांचं काय करायचं ते सांगा. तेही फी भरतात.

सुपारीएवढी

बाक, काय लिहिलंत. "खालून वाचायचो" वर थांबले मी.

सायंतारा

मागचाबाक, तुमच्या प्रतिसादानंतर अभ्यास-बिभ्यास सांगणं कोरडं वाटेल, पण सांगतेच, कारण तो तुमच्याच बाजूचा आहे.

नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या संशोधकाने १८९८ साली एक प्रयोग छापला. सायकलस्वार एकटे असताना जितके वेगाने जातात त्याहून सोबतीने किंवा चुरशीत जास्त वेगाने जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मग त्याने मुलांना मासे पकडायच्या गळाचं रीळ गुंडाळायला दिलं, कधी एकट्याने, कधी दुसऱ्याच्या बरोबरीने. चुरशीने वेग वाढतो याचा पुरावा म्हणून हा प्रयोग अजून सांगतात. पण त्याचे आकडे बघा. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग चुरशीत वाढला, १० जणांना फारसा फरक पडला नाही आणि १० जण उलट मंदावले. उतावीळ होऊन हात घट्ट आवळायचे, लय जायची. रीळ गुंडाळण्यासारख्या डोकं न लागणाऱ्या कामात ही गत. सुपारीएवढी, तुमच्या दोन मुलांचं गणित सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडून झालंय.

दुसरा १९८१ चा, एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांचा. काही जणांना कोडं देऊन सांगितलं, शेजारच्याच्या आधी सोडवा. काहींना सांगितलं, जमेल तितक्या लवकर सोडवा. नंतर सगळ्यांना थोडा मोकळा वेळ दिला, कोडं तिथेच ठेवून. ज्यांना शेजाऱ्याला हरवायला सांगितलं होतं ते मोकळ्या वेळात कोड्याला कमी हात लावत होते. जिंकायचं काम संपलं की कोड्याशी देणंघेणं संपलं.

ओलीशाई, तुमची लेक आत्ता अभ्यास जास्त करते हे खरंच असणार. पण यादी नसलेल्या सुट्टीत तिने गणिताचं काही उघडलं का, हे जरा आठवून बघा.

धारदार_पेन्सिल

दहा-वीस जणांनी कोडं बाजूला ठेवलं म्हणून शाळा बदलायच्या? मोठा आकडा असलेलं काही आहे का?

सायंतारा

आहे, आणि गंमत म्हणजे तो अर्धा तुमच्या बाजूचा आहे.

इंग्लंडमधल्या वीस लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या नोंदींवर रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांनी काम केलं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. प्राथमिक शाळेच्या शेवटी सारखेच गुण असलेली दोन मुलं घ्या. एक आपल्या वर्गात वरच्या क्रमांकावर, दुसरं जास्त हुशार वर्गात पडल्याने खालच्या. पुढे दोघं नव्या शाळेत, नव्या मुलांत जातात. तरी पहिलं मूल पुढे राहतं. स्वतःवरचा भरवसाही त्याचा जास्त. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतो ना आपण, तर ती गाय पुढे खरोखरच शहाणी होते. याउलट हुशार कळपात पडलेली चांगली गायही स्वतःला लंगडी समजायला लागते. हर्बर्ट मार्श १९८० च्या दशकापासून हेच सांगत आलेत, त्यांनी माशांची उपमा दिली, छोट्या तळ्यातल्या मोठ्या माशाची.

धारदार_पेन्सिल

थांबा. त्या मुलांना क्रमांक सांगितला होता का?

सायंतारा

नाही. यादी वगैरे काही नव्हती.

धारदार_पेन्सिल

मग झालं की! न सांगताच मुलांना कळतं कोण कुठे आहे ते. पहिलीतल्या पोराला विचारा वर्गात हुशार कोण, तीन नावं लगेच सांगेल. यादी काढून टाकल्याने काहीही लपत नाही, फक्त मोठ्यांना आपण भले आहोत असं वाटतं.

सायंतारा

हे मात्र मान्य करावं लागेल. मुलं एकमेकांना जोखतातच, ते काही शाळेने सुरू केलेलं नाही. पण जे आपोआप होतं त्यावर शाळेने शिक्का मारून भिंतीवर टांगावं का, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर नाही. तुमचं वेगळं असेल.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मराठीत 'रँग्लर' हा शब्द आपल्याला र. पु. परांजप्यांमुळे माहीत. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यातला पहिला तो सीनियर रँग्लर. परांजपे १८९९ मध्ये आणखी एकासह सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

या परीक्षेत उत्तीर्णांची नावं क्रमाने मोठ्याने वाचली जायची. चुरस एवढी की खाजगी शिकवण्यांचं पेव फुटलं. एडवर्ड रूथ नावाच्या शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर निघाले. (म्हणजे क्लासवाले हे काही आपल्या काळाचं पाप नाही!) हा रूथ स्वतः १८५४ चा सीनियर रँग्लर. त्या वर्षी दुसरा कोण आला? जेम्स क्लर्क मॅक्सवेल. प्रकाश आणि विद्युतचुंबकत्वाची सांगड घालणारा तोच. १८४५ मध्ये दुसरे आले पुढचे लॉर्ड केल्विन. १८८० मध्ये दुसरे आले जे. जे. थॉमसन, ज्यांनी इलेक्ट्रॉन शोधला. या शेवटच्या दोन वर्षांचे पहिले कोण, हे पुस्तक उघडल्याशिवाय फारसं कुणाला सांगता येणार नाही.

१८९० मध्ये फिलिपा फॉसेटने सगळ्यांहून जास्त गुण मिळवले. पण बायकांना क्रमांक देत नसत, म्हणून 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं. पहिल्याच्या वर, पण पहिली नाही. यादीची अक्कल बघा.

आणि मागचाबाक, हे खास तुमच्यासाठी. उत्तीर्णांच्या यादीत सगळ्यात शेवटी येणाऱ्याला पदवीदान समारंभात एक मोठा लाकडी चमचा मिळायचा. विद्यार्थी तो सज्जातून दोरीने खाली सोडायचे. शेवटचा चमचा १९०९ चा, वल्ह्यापासून केलेला, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा. कारण १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवार यादीच बंद केली. त्यासाठी जे भांडले त्यांत जी. एच. हार्डी होते, रामानुजनना बोलावून घेणारे. स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. या तयारीत खरं गणित बाजूला राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मागचाबाक

चमचा मला चालला असता. निदान हातात काहीतरी घेऊन घरी गेलो असतो.

सरळरेघ

सिंगापूरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण परीक्षांच्या बाबतीत तो देश काही हळवा नाही. तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटी एक मोठी परीक्षा असते. तिच्यात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचं नाव जाहीर करणं त्यांनी २०१२ मध्ये थांबवलं. २०१९ पासून प्रगतिपुस्तकात वर्गातला क्रमांक छापणं बंद केलं. आणि २०२१ मध्ये त्या परीक्षेची गुणपद्धतच बदलली. आधी तुमचा अंतिम आकडा बाकीच्यांनी कसा पेपर लिहिला यावर हलायचा. आता प्रत्येक विषयात तुमच्या स्वतःच्या गुणांवरून आठपैकी एक श्रेणी मिळते, शेजारच्याने काहीही लिहिलेलं असो. खडूफळा सरांच्या ८२० चंच उत्तर आहे हे.

पण याने शिकवण्या बंद झाल्या असं समजू नका. चांगल्या माध्यमिक शाळेतल्या जागा मोजक्याच आहेत, त्यामुळे पालकांचा घोर तसाच. भिंतीवरची यादी गेली, डोक्यातली राहिली. पेन्सिलराव म्हणतात त्यात तथ्य आहे: वरती दार अरुंद असेल तर खाली रेटारेटी होणारच, शाळेने कितीही गोड बोलावं.

खडूफळा

मग आम्ही वर्गात करायचं काय? मी एक प्रयोग करून पाहिला, निम्मा जमला, निम्मा फसला.

एलियट अरॉन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांसाठी एक पद्धत काढली. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. पद्धत अशी: पाच-सहा मुलांचा गट. धड्याचे तेवढेच तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. दुसऱ्याचा तुकडा कळायचा तर त्याचं ऐकण्यावाचून मार्ग नाही. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची, पूर्ण धड्यावर. आपल्याकडच्या गटप्रकल्पासारखं नाही, जिथे एकजण राबतो आणि चारजण नावं लिहितात.

आमच्या इतिहासाच्या बाईंनी एका धड्याला हे केलं आणि फार सुंदर झालं. एक मुलगा बोलताना अडखळतो. एरवी त्याला कुणी वाक्य पुरं करू देत नाही. त्या दिवशी त्याच्याकडे जो तुकडा होता तो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. पाच डोकी पुढे वाकून बसली होती, आणि तो अडला की "बरं, मग?" म्हणत होती. मी दारातून पाहिलं.

मग मी उत्साहाने गणितात केलं आणि आपटलो. गणिताचे तुकडे पायऱ्यांसारखे असतात, पहिली पायरी कळल्याशिवाय तिसरी सांगता येत नाही. तिसरा तुकडा मिळालेली मुलगी रडकुंडीला आली. आता मी गणितात एवढंच करतो: पेपरवर या वेळचे गुण आणि त्याखाली मागच्या वेळचे. बस. आणि दर शुक्रवारी फळ्यावर एक अवघड उदाहरण, मार्क नाहीत, ज्याला हवं त्याने सोडवावं. पेन्सिलरावांसारखे शुक्रवारची वाट बघतात. इतर वेळी सुखाने नांदतात.

धारदार_पेन्सिल

शुक्रवारचं उदाहरण मला आवडलं. पण सर, त्यातही कोणी आधी सोडवलं हे मुलं बघतच असणार.

खडूफळा

बघतात ना. खडूने नाव लिहितात स्वतःचं. शनिवारी पुसून टाकतो.

ओलीशाई

सभा झाली, सांगायला आले.

आधी सायंतारांच्या प्रश्नाचं उत्तर. सुट्टीत गणिताचं काही उघडलं नाही. यादी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत मात्र तिने आणि याच मैत्रिणीने मिळून एक गुप्त लिपी बनवली होती, अक्षरांना आकडे देऊन. कागद अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. मी रोज ते दार उघडते आणि मला तो आठवला नव्हता.

सभेत उभी राहिले, आवाज कापत होता. खडूफळा सरांची बेरीज सांगितली. (विषमभुज, ८१९ सुद्धा सांगितलं, एक आजोबा हसले.) मागचाबाक, तुमचं यादी खालून वाचणं सांगितलं, नाव न घेता. त्यावर मागच्या रांगेतले एक बाबा पटकन म्हणाले, "आम्हीपण." बाकी काही बोलले नाहीत ते.

विरोधही झाला. एक बाई म्हणाल्या, माझ्या मुलीला या यादीमुळेच पहिल्यांदा कुणी शाबासकी दिली, ती का काढता? मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: भिंतीवरची यादी बंद. पेपरवर आत्ताचे आणि मागचे गुण. वर्षाखेरीला पहिल्या तिघांची नावं मात्र राहणार, त्यावर मुख्याध्यापिकाबाई हटल्या नाहीत. काही पालक कुजबुजले की नंबर आम्ही आपापसात काढूच. काढतील.

वहीचं राहिलं. मी लेकीला काही सुनावलं नव्हतं. गुरुवारी तिनेच वही दप्तरात घालून नेली आणि मैत्रिणीला दिली. काल परत आली. एका उदाहरणाभोवती पेन्सिलीने गोल, आणि बाजूला मैत्रिणीच्या अक्षरात: "हे चुकलंय गं. कंसाबाहेर वजा आहे, आतली दोन्ही चिन्हं बदलायला हवीत." लेक दहा मिनिटं फुरंगटून बसली. मग खोडरबर शोधायला उठली.

धारदार_पेन्सिल

म्हणजे मैत्रीण अजून दोन मार्कांनी पुढेच आहे तर. कृ.ह.घ्या.

खडूफळा

कंसाबाहेरचा वजा! माझा निम्मा वर्ग तिथेच घसरतो. पहिलं चिन्ह बदलतात आणि दुसरं तसंच ठेवतात. ओलीशाई, तिने दुसरं चिन्ह विसरलं होतं की दोन्ही? या शुक्रवारी तेच घालतो फळ्यावर.